कांगरलुसुआकची आइस कॅप टूर: बर्फ बघायला गेलो आणि लष्कराचा हिशोब वाचून आलो

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार जेवणाच्या डब्याचा आणि बिघडलेल्या माइकचा कापलाय. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही कारण गाव पाचेकशे लोकांचं आहे आणि गाईड खरंच भला माणूस होता, त्याची उगाच बोलणी नको.

आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि पुण्याहून सुट्टीला आलेला मेहुणा. कोपनहेगनला सहा वर्षं राहून ग्रीनलंड बघितलं नाही म्हणजे पुण्यात राहून सिंहगड न बघण्यासारखं, असं बायको दर जुलैत ऐकवायची, शेवटी बुक केलं. आता कोपनहेगनची मोठी विमानं ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकला उतरतात, तिथून पंख्याच्या छोट्या विमानाने कांगरलुसुआक. बॅगेच्या टॅगवर कोड आला एसएफजे. मेहुणा म्हणाला भावजी, चुकीच्या गावाला चाललोय. चूक नव्हती, गावाचं जुनं डॅनिश नाव सोंद्रे स्ट्रॉमफ्योर्ड, कोड अजून तोच. अमेरिकनांसाठी तर हे ब्लुई वेस्ट एट, 1941 साली बांधलेला हवाई तळ. ग्रीनलंड डेन्मार्कचं, डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात, आणि वॉशिंग्टनमधल्या डॅनिश राजदूताने आपल्याच अखत्यारीत अमेरिकेशी करार करून टाकलेला. 1992 ला अमेरिकन गेले, धावपट्टी राहिली, गाव त्या धावपट्टीच्या कडेकडेने. गावात फिरताना सारखं वाटत राहतं की आपण कुणाच्या तरी रिकाम्या सरकारी क्वार्टर्समध्ये आलोय.

टूर म्हणजे उंच चाकांच्या ट्रकवर बसवलेली बस आणि खडीचा रस्ता थेट बर्फाच्या कडेपर्यंत, पॉइंट 660 म्हणतात त्या जागी. रस्ता फोक्सवॅगनने गाड्यांच्या टेस्टिंगसाठी केलेला. हाडं खिळखिळी होतात, पाठ दुखत असेल तर मागची सीट अजिबात घेऊ नका. वाटेत मस्क ऑक्स नावाचे बैलासारखे प्राणी दिसले, लांबून केसाळ दगडासारखे, आणि मग एका टी-33 विमानाचे तुकडे. 1968 मध्ये खराब हवेत अशी तीन विमानं इथे पडली, पायलट उडी मारून वाचले. ॲल्युमिनियम अजून चकचकीत. बाकीचे लोक फोटो काढत होते आणि गाईड तेवढ्यात सहज बोलून गेला की तुम्ही बर्फाबद्दल जे काही शाळेत शिकलात त्याचं अर्धं बिल सैन्याने भरलंय. माइक खरखरत होता, मागच्या लोकांना ऐकूच गेलं नाही. आम्ही पुढे होतो म्हणून पकडला त्याला.

पुढचा तासभर जे ऐकलं त्याचेच खरं तर चार स्टार आहेत.

गोष्ट कॅम्प सेंच्युरीची. (मेहुणा लगेच, सेंच्युरी कुणी मारली? त्याला माफ करा.) ही जागा आम्ही होतो तिथून खूप वर, थुले (आताचं नाव पितुफिक) या अमेरिकन हवाई तळाच्या बाजूला. बर्फाच्या कडेपासून शंभर मैलांवर बांधायचं ठरलं होतं म्हणून सेंच्युरी, प्रत्यक्षात गेलं आणखी आत. 1959 ते 60 मध्ये अमेरिकन आर्मीने बर्फ कापायच्या स्विस मशीननी लांबलचक चर खणले, वर पत्र्याच्या कमानी टाकल्या, त्यावर परत बर्फ, आणि खाली झोपायच्या खोल्या, किचन, लॅब, चक्क छोटी अणुभट्टीसुद्धा. जगाला सांगितलं संशोधन केंद्र आहे. डेन्मार्कलाही तेच सांगितलं. खरा प्लॅन 1990 च्या दशकात बाहेर आला, नाव आइसवर्म: बर्फाखाली सुमारे 4,000 किमीचे बोगदे आणि त्यात 600 क्षेपणास्त्रं, रशियाच्या दिशेने तोंड करून. डेन्मार्कने 1957 लाच जाहीर केलं होतं की आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. म्हणजे ज्याच्या घरात भाड्याने राहायचं त्याच्याच माळ्यावर दारूगोळा भरायचा बेत, मालकाला सांगायचं पोथ्या ठेवतोय.

बेत फसला तो बर्फामुळेच. बर्फ दिसतो दगडासारखा पण वागतो घट्ट मधासारखा, हळूहळू वाहतो. चरांच्या भिंती आत सरकायला लागल्या, छत खाली यायला लागलं, सैनिक रोज भिंती तासत बसलेले. अणुभट्टी 1963 ला बंद, पुढच्या वर्षी काढून नेली, आणि दोन-तीन वर्षांत सगळंच सोडून दिलं.

पण पोथ्या मात्र खऱ्या निघाल्या. आर्मीची क्रेल नावाची बर्फाची लॅब आहे न्यू हॅम्पशायरमध्ये, तिच्या लोकांनी तिथेच ड्रिल लावलं होतं आणि 1966 मध्ये ते 1,387 मीटर खाली, थेट तळाच्या मातीपर्यंत पोचले. ग्रीनलंडच्या बर्फाची अख्खी जाडी भेदून काढलेला पहिला गाभा, म्हणजे ड्रिलने काढलेला बर्फाचा लांब दंडगोल. आता तो वाचायचा कुणी? इथे आमच्या कोपनहेगनचा माणूस, शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड. याने 1952 ला आपल्या घरच्या हिरवळीवर बिअरची बाटली आणि त्यात नरसाळं लावून पावसाचं पाणी गोळा केलं आणि ओळखलं की ढग जितका थंड तितका त्यातून पडणाऱ्या पाण्यात जड ऑक्सिजन (म्हणजे ऑक्सिजनचे जरा जास्त वजनाचे अणू) कमी. मग जुन्या बर्फातही तेच मोजलं तर जुनं तापमान कळणार! क्रेलमधल्या चेस्टर लँगवेने त्याला गाभ्याचे नमुने दिले आणि 1969 ला दोघांनी, सहकाऱ्यांसकट, एक लाख वर्षांच्या हवामानाची नोंद छापली. आज ग्लोबल वॉर्मिंगवर जो आलेख आपण फॉरवर्ड करतो त्याचं खापरपणजोबा म्हणजे ते पान. ड्रिल आर्मीचं, वीज आर्मीची, विमानं आर्मीची, बाटली बिअरची.

गाभ्याच्या तळाशी साडेतीन मीटरच्या आसपास गोठलेली मातीपण आली होती, ती फ्रीझरमधून फ्रीझरमध्ये फिरत राहिली, अमेरिकेतून डेन्मार्कला आली आणि काचेच्या बिस्किटांच्या बरण्यांमध्ये विसरली गेली. सापडली तेव्हा तिच्यात झाडाच्या काटक्या आणि शेवाळ निघालं, म्हणजे तिथे एकेकाळी बर्फच नव्हता, हे छापून आलं 2021 मध्ये. बायको म्हणाली आपल्या फ्रीझरच्या तळाशीही दोन वर्षांचं आलं-लसूण आहे, त्याला हात लावू नकोस आता.

एवढं सगळं ऐकल्यावर पॉइंट 660 ला उतरलो. बर्फ भारी आहे, वाद नाही, निळसर करडा, वर काळी माती, पायाखाली कुडकुड आवाज आणि खालून कुठूनतरी पाणी वाहतंय. पण मन सारखं खाली. कॅम्प सेंच्युरीत सोडलेलं डिझेल, सांडपाणी आणि किरणोत्सर्गी पाणी अजून बर्फात गाडलेलं आहे आणि 2016 च्या एका अभ्यासाने सांगितलं की हवा अशीच तापत राहिली तर 2090 च्या सुमारास तिथे पडणाऱ्या बर्फापेक्षा वितळणं वाढेल. ते साफ कुणी करायचं, विचारलं. गाईड हसला आणि कॉफी ओतायला गेला.

तक्रारी. डबा म्हणजे दोन पाव, मध्ये चीजची पातळ चकती आणि एक सफरचंद, या पैशात हे नाही चालत. शाकाहारी लिहून दिलं होतं तरी बायकोच्या पावात मासा, शेवटी आमची भडंगाची पिशवी शेजारच्या जर्मन आजी-आजोबांपर्यंत फिरली. माइक दुरुस्त करा, प्लीज, ट्रकात निम्म्या लोकांना फक्त खरखर ऐकू आली. आणि हा इतिहास माहितीपत्रकात एका ओळीत आहे, तीही पानाच्या तळाशी. गाईडला विचारलं का रे असं, तर म्हणाला लोक बर्फाचे पैसे देतात.

संध्याकाळी जुन्या तळाच्या इमारतीतलं छोटं म्युझियम बघा, वेगळं तिकीट आहे पण वसूल होतं. परतताना धावपट्टीवर करड्या रंगाचं मोठं चार पंख्यांचं विमान उभं होतं, पोटाखाली स्की लावलेल्या. न्यूयॉर्कच्या एअर नॅशनल गार्डचं. उन्हाळ्यात इथून शास्त्रज्ञांना बर्फावर नेतं आणि आपल्याकडे दिवाळी आली की अंटार्क्टिकाला जातं. मेहुण्याने स्कीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, आईंचा रिप्लाय आला, विमानाला चपला कुणी घातल्या.

जुलैत गेलात तर डोक्यावरची मच्छरजाळी घरूनच घेऊन जा, तिथे दुकानात आम्हाला शेवटची दोन मिळाली आणि आम्ही तिघं होतो.