'५ डझन' कुणाचे? पार्सर जनरेटरमध्ये आधी काय सुधारायचं

जूनमध्ये होड्या वर ओढून शाकारल्या की मालवणच्या किनाऱ्यावर दोनच कामं उरतात: जाळी दुरुस्त करणं आणि लाइट कधी येते याची वाट बघणं. आमचा छोटासा ओपन सोर्स पार्सर जनरेटरही आम्ही याच दिवसांत दुरुस्तीला काढतो, कारण नोकरी सांभाळून वेळ मिळतो तो एवढाच. यंदा दोन नवे हात आलेत, एक रत्नागिरीहून, एक कुडाळहून. दोघांचा पहिला प्रश्न एकच, की नेमकं कुठलं काम धरायचं? यादीत कामं चार आहेत आणि पावसाळा एक. म्हणून चारही शेजारी-शेजारी मांडून बघतो. तुमच्याकडे असाच एखादा प्रकल्प असेल, तर तुमचीही यादी साधारण हीच निघेल.

पार्सर जनरेटरला आपण भाषेचे नियम लिहून द्यायचे आणि त्यावरून त्या भाषेतली वाक्यं वाचणारा प्रोग्राम त्याने तयार करून द्यायचा. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे स्टीफन जॉन्सनने १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिलेला यॅक. पुढे ग्नू प्रकल्पाचा बायसन आला. आमचाही त्याच घराण्यातला, एलएएलआर(१) पद्धतीचा. कंसातला १ महत्त्वाचा, कारण निर्णय घेताना तो पुढचं एकच टोकन (शब्द किंवा आकडा) बघतो.

तुलनेसाठी मी एकच ओळ घेणार आहे. माझ्या काकांची देवगडला हापूसची बाग आहे. मुंबईला माल गेला की ते वहीतली नोंद फोनवर टाइप करून पाठवतात, आणि वाशीहून दलालाची पट्टी आली की मी दोन्ही जुळवून बघतो. त्या जुळवणीसाठी लिहिलेलं हे ग्रामर, म्हणजे नियमांची यादी (उभी रेघ म्हणजे 'किंवा'):

ओळ : नोंद | ओळ नोंद
नोंद : संख्या एकक जात | संख्या एकक जात माप
एकक : पेटी | डझन
माप : संख्या डझन

जात म्हणजे हापूस, पायरी, रायवळ. माप म्हणजे एका पेटीत किती फळं. आता ही ओळ:

४ पेटी हापूस ५ डझन पायरी

माणसाला लगेच कळतं की चार पेट्या हापूस आणि वर पाच डझन सुटा पायरी. पण शेवटी नुसतं 'पायरी' नसून '२ पेटी पायरी' असतं, तर तेच '५ डझन' हापूसच्या पेटीचं माप झालं असतं. म्हणजे 'हापूस' वाचून झाल्यावर समोर आलेला '५' कुणाचा, हे कळायला 'डझन'च्याही पलीकडे डोकवावं लागतं, एकूण तीन टोकनं. आमच्या पार्सरला दिसतं एकच.

अशा पेचात, म्हणजे कॉन्फ्लिक्टमध्ये, यॅकच्या घराण्याचा रिवाज ठरलेला आहे. शिफ्ट (पुढचं टोकन आत घेणं) की रिड्यूस (वाचलेल्या टोकनांवर नियम पूर्ण झाला असं धरणं) असा प्रश्न आला तर शिफ्ट. दोन नियमांत टक्कर झाली तर फाइलमध्ये जो आधी लिहिलाय तो. (पाणिनीचा रिवाज नेमका उलटा. 'विप्रतिषेधे परं कार्यम्', सूत्र १.४.२. पारंपरिक अर्थाने, टक्कर झाली तर नंतरचा नियम. यॅकवाले संस्कृत शिकले असते तर आमच्या अर्ध्या फाइली उलट्या क्रमाने लिहाव्या लागल्या असत्या.) तर रिवाजाप्रमाणे '५' मापात जमा होतो, पाठोपाठ 'पायरी' येते, आणि बरोबर लिहिलेल्या ओळीवर 'सिंटॅक्स एरर' उमटतो.

पहिलं काम: जीएलआर

दोघा नव्यांचाही ओढा इकडे आहे आणि ते स्वाभाविक आहे. जीएलआर म्हणजे, अडलं की पार्सरने दोन्ही वाटांनी चालायचं, जी वाट पुढे बंद पडेल ती सोडून द्यायची. आमच्या ओळीत 'पायरी' दिसली की मापाची वाट बंद, नव्या नोंदीची चालू. उत्तर बरोबर, आणि ग्रामरला हातही लावावा लागत नाही. बायसनमध्ये ही सोय कधीचीच आहे. अँटलर हा दुसरा एक पार्सर जनरेटर वेगळ्या रस्त्याने तिथेच पोचतो: लागेल तितकं पुढचं बघून मग वाट निवडतो. टेरेन्स पार आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत २०१४ मध्ये मांडली. पायथॉनमधल्या लार्क या पार्सर लायब्ररीकडे अर्ली नावाच्या संशोधकाची पद्धत आहे, १९७० सालची, आणि तीही ही ओळ विनातक्रार वाचते.

मग अडचण काय? समजा, उद्या मी जात लिहिणं ऐच्छिक केलं. '४ पेटी ५ डझन' याचे मग दोन अर्थ होतात आणि दोन्ही वाटा शेवटपर्यंत जिवंत राहतात. एलएएलआरवाला निदान ग्रामर बांधतानाच 'इथे कॉन्फ्लिक्ट आहे' म्हणून ओरडतो. जीएलआरमध्ये त्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते, आणि खरा गोंधळ एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, काकांच्या ओळीवर उघडा पडतो. शिवाय दोन वाटा चालू असेपर्यंत ॲक्शनमधला, म्हणजे नियम जुळल्यावर चालायचा, कोड चालवता येत नाही, तो राखून ठेवावा लागतो. आमच्या कोडमध्ये स्टॅक (वाचलेलं रचून ठेवायची जागा) एकच आहे असं गृहीत धरून लिहिलेल्या जागा इतक्या आहेत, की माझ्या अंदाजाने हे काम एका पावसाळ्यात आवरणारं नाही.

दुसरं काम: पेगकडे वळणं

हे थोडक्यात सांगतो, कारण माझं मन तिथे नाही. पेग ही ग्रामर लिहायची वेगळी पद्धत, मांडणी ब्रायन फोर्डची, २००४ ची. पर्याय क्रमाने तपासायचे, पहिला जुळला तो घ्यायचा. पायथॉनने ३.९ मध्ये, २०२० साली, आपला जुना एलएल(१) पार्सर काढून पेगचा बसवला, त्यामुळे त्याला चांगलाच भाव आला. आमच्या ओळीत मात्र पेगही फसतो. 'माप असेल तर घे' म्हटलं की तो '५ डझन' घेतो, पुढे 'पायरी'वर अडतो, आणि घेतलेलं परत द्यायला मागे येत नाही. 'डझननंतर जात नसेल तरच' अशी अट आपण लिहायची. अट एका ओळीची आहे हे खरं, पण ती लिहायला हवी हे पेग कधीच सांगत नाही, कारण त्याच्या लेखी कॉन्फ्लिक्ट नावाची गोष्टच नाही. आणि आमच्याकडे लिहून ठेवलेली सगळी ग्रामर्स पुन्हा लिहावी लागतील ते वेगळंच.

तिसरं काम: एडिटरसाठी इन्क्रिमेंटल पार्सिंग

एक अक्षर बदललं की पूर्ण फाइल न वाचता तेवढाच भाग पुन्हा वाचायचा. मॅक्स ब्रन्सफेल्डने सुरू केलेला ट्री-सिटर हे काम उत्तम करतो, निओव्हिम या एडिटरमध्ये तो रोज दिसतो. तुम्हाला एडिटरसाठीच हवं असेल तर आमच्याकडे न थांबता ट्री-सिटरचं ग्रामर लिहा. मनापासून सांगतोय.

चौथं काम: नीट सांगणं

म्हणजे दोन ठिकाणी तोंड उघडणं: ग्रामर लिहिणाऱ्याला कॉन्फ्लिक्ट का आला ते, आणि ओळ टाइप करणाऱ्याला चूक कुठे झाली ते.

आज आमचा जनरेटर म्हणतो, '१ शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट'. एवढंच. आकडा वाचून कपाळाला हात लावायचा आणि पार्सरच्या स्टेटची (अवस्थांची) यादी उपसत बसायचं. गेल्या आठवड्यात हेच ग्रामर मी बायसनला दिलं (नावं रोमनमध्ये करून, त्याला देवनागरी नावं चालत नाहीत). बायसन ३.७ पासून, म्हणजे २०२० पासून, त्यात काउंटरएक्झाम्पल (कॉन्फ्लिक्ट कुठल्या वाक्यावर होतो त्याचं उदाहरण) दाखवायची सोय आहे, कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघांच्या २०१५ च्या शोधनिबंधावर बेतलेली. त्याने दाखवलं ते मराठी करून असं:

पहिलं : संख्या एकक जात • संख्या डझन
दुसरं : संख्या एकक जात • संख्या एकक जात

ठिपका म्हणजे पार्सर जिथे अडला ती जागा. एकाच वाक्याचे दोन अर्थ दाखवण्याऐवजी त्याने दोन वेगळी वाक्यं दिली, म्हणजे दोन अर्थांचं वाक्य त्याला सापडलं नाही. हातानेही ताडून बघितलं, ग्रामर संदिग्ध नाहीच, फक्त त्याला जास्त पुढचं बघावं लागतं. हा फरक आमच्या '१ कॉन्फ्लिक्ट'मधून मला वर्षभर कळला नव्हता. वर्षभर मी काकांना म्हणत होतो, नोंदींच्या मध्ये स्वल्पविराम द्या. त्यांचं उत्तर ठरलेलं: "स्वल्पविराम घालीत रवलंय तर आंबे पिकान जातले."

ती दोन वाक्यं एकाखाली एक बघताना लक्षात आलं की घोळ मापाच्या जागेचा आहे. माप शेवटी येतं म्हणून ते पुढच्या नोंदीत मिसळतं. आणि काका बोलताना ते कधीच शेवटी आणत नाहीत! ते म्हणतात, 'पाच डझनी चार पेटी हापूस'. वहीत क्रम उलटा पडला तो छापील चलनातल्या रकान्यांमुळे. मग नियम असा केला:

नोंद : संख्या एकक जात | संख्या डझनी संख्या पेटी जात

आता 'जात' आली की नोंद संपली, विषय संपला. '५ डझन' असो की '५ डझनी', त्यापुढे संख्या आली तर ते माप, जात आली तर तो सुटा माल. एकच टोकन पुरतं, कॉन्फ्लिक्ट शून्य. आधी जीएलआर लिहून बसलो असतो तर हे कधी बघायलाच गेलो नसतो.

दुसरी बाजू टाइप करणाऱ्याची, आणि इथे मराठीचा खास त्रास आहे. त्या पहिल्या ओळीत 'पायरी' कितव्या कॉलमला सुरू होते? डोळ्यांनी मोजा: रिकाम्या जागा धरून १६ व्या. युनिकोडच्या कोडपॉइंटने (एकेका चिन्हाच्या क्रमांकाने) मोजलं तर २० व्या, कारण काना, वेलांटी, मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, 'पेटी' दोनाची चार होते. आणि यूटीएफ-८ मधल्या बाइटने मोजलं तर ४८ व्या, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. आमचा जनरेटर बाइट मोजतो. ओळ अख्खी १८ अक्षरांची आणि एरर 'कॉलम ४८'. काकांनी फोन करून विचारलं होतं, अठ्ठेचाळीस म्हणजे पेट्या का? ट्री-सिटरही आतून कॉलम बाइटमध्येच ठेवतो, पण तिथे रुपांतर एडिटर करतो. आमच्यापुढे मधे एडिटर नाही, थेट माणूस आहे.

अशीच एक खोच लेक्सरमध्ये, म्हणजे मजकुराची टोकनं पाडणाऱ्या भागात. पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या खुणांमध्ये) 'शब्दातलं अक्षर' दाखवणारं जे तयार चिन्ह आहे, त्याला मात्रा आणि वेलांटी अक्षर वाटत नाही. लार्कमध्ये ते बिनधास्त वापरलं तर 'पेटी'तला नुसता 'प' हाती लागतो. अँटलरमध्ये ४.७ पासून युनिकोडचे वर्ग लिहिता येतात, पण तिथेही अक्षरांच्या वर्गासोबत मात्रा-चिन्हांचा वर्ग आठवणीने जोडावा लागतो. तुम्ही कुठलंही साधन घ्या, पहिली टेस्ट 'रत्नागिरी' या शब्दाची करा. त्यात जोडाक्षर आहे, काना आहे, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही वेलांट्या आहेत. चार अक्षरं, नऊ कोडपॉइंट, सत्तावीस बाइट.

चांगल्या एरर मेसेजची किंमत मोठ्या भाषांनाही उशिराच कळली. पायथॉनमध्ये कंस बंद करायचा राहिला तर पूर्वी भलत्याच, पुढच्या ओळीवर बोट ठेवलं जायचं. २०२१ च्या ३.१० पासून तो उघडा राहिलेला कंसच दाखवला जातो. जीसीसी या कंपायलरने सी++ साठीचा बायसनचा पार्सर २००४ मध्ये ३.४ आवृत्तीत काढून हाताने लिहिलेला बसवला, गो भाषेने यॅकचा २०१६ मध्ये १.६ मध्ये काढला. रुबीने ३.३ मध्ये बायसन सोडून स्वतःचा लरामा हा जनरेटर घेतला आणि ३.४ मध्ये हाताने लिहिलेला प्रिझम डिफॉल्ट पार्सर केला. एवढे मोठे लोक जनरेटर सोडून का जातात याची कारणं प्रत्येकाची वेगळी, पण हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये 'इथे असं म्हणायचं होतं का?' हे सांगणं सोपं जातं हे नक्की. आमच्यासारख्यांनी त्यांना परत आणायचं स्वप्न बघू नये. जे उरलेत त्यांना निदान कॉलम तरी खरा सांगावा.

तर वाटणी अशी. रत्नागिरीच्या मैत्रिणीने कॉलमची मोजणी घ्यावी. ती पंधरा दिवसांत होण्यासारखी आहे, बाकी कोडशी तिचा फार संबंध येत नाही, आणि लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर टेस्ट चालतात. काउंटरएक्झाम्पल मी आणि कुडाळकर मिळून करू. त्यातला सोपा अर्धा, म्हणजे अडलेल्या जागेपर्यंतची छोटीशी वाट दाखवणं, आधी. दोन अर्थांचं एकच वाक्य शोधणं अवघड आहे, त्याला वेळेची मर्यादा घालावी लागते, ते नंतर.

तुम्हाला सुधारणा करायची नसून नुसतं वापरायचं असेल, तर हिशेब वेगळा. ग्रामर तुमच्या हातात असेल आणि बदलता येत असेल तर काउंटरएक्झाम्पलवाला बायसन घ्या. मजकूर दुसऱ्यांनी लिहिलेला असेल, त्याचा क्रम बदलणं तुमच्या हातात नसेल, तर अँटलर किंवा लार्क. अँटलर चालवायला जावा लागतं, लार्कला नुसतं पायथॉन पुरतं. छोट्या कामाला मी लार्कच सुचवेन.

जीएलआर यादीतून खोडलेलं नाही. काका आता नव्या क्रमाने लिहितात, पण आधीच्या दोन हंगामांच्या वह्या जुन्याच क्रमात आहेत, आणि त्या वाचायच्या तर पुढचं बघणारा पार्सर लागणारच. कुडाळकरला मोह आवरत नसेल तर टेस्टसाठी त्या वह्यांच्या पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. दोन पानांवर आंब्याचा चीक सांडून शाई खाल्लीय, तेवढी वगळून.