इंदूर विमानतळावरील सामान-सेवा: लोडर मंडळींना चार तारे, कंपनीच्या खिडकीला दोन

मे महिन्यात देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून सपत्नीक पुण्यास जाऊन आलो. या दोन फेऱ्यांत सामानाच्या हाताळणीचा आलेला अनुभव येथे नोंदवीत आहे.

एअरबस ए320 विमानात सामानाच्या कप्प्यांची मोठी दारे उजव्या बाजूस असतात, त्यामुळे त्या बाजूची खिडकी मिळाल्यास लोडरचे काम बसल्या जागेवरून पाहता येते. भर दुपारी ट्रॅक्टरमागून ट्रॉल्या आल्या. खालचा लोडर टॅग वाचून एकेक बॅग तिरक्या चालत्या पट्ट्यावर चढवी आणि वरचा ती आत ओढून घेई. आतील उंची सव्वा मीटरच्या आसपास असल्याने तेथे सारे काम गुडघ्यांवर करावे लागते. पुढच्या कप्प्यात किती नग ठेवायचे आणि मागच्या कप्प्यात किती, हे विमानाचा तोल पाहून आधीच ठरलेले असते, व सामान भरून झाल्यावर ते उड्डाणात सरकू नये म्हणून जाळी अडकवावी लागते. पुरणयंत्रामुळे जड झालेली आमची निळी बॅग खालच्या लोडरने मुठीला न धरता तळाशी दोन्ही हात घालून उचलली, हे मी स्वतः पाहिले. (एका नगाचे वजन 32 किलोंच्या वर नसावे हा नियम याच मंडळींच्या पाठीसाठी आहे; वजनकाट्याशी हुज्जत घालणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.)

इंजिन बंद झाल्यापासून 10 मिनिटांत पहिली आणि 30 मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर यावी, असे नागरी विमान सुरक्षा ब्युरोने 2024 मध्ये विमान कंपन्यांना बजावले होते. परतीच्या वेळी आमची बॅग अठराव्या मिनिटाला हाती आली, परंतु तिचे एक चाक तुटलेले होते. ते कोठे तुटले हे सांगता येणार नाही, म्हणून दोष लोडरवर ढकलणे मला योग्य वाटत नाही. विमान कंपनीच्या खिडकीवर मात्र “काका, प्रवासात एवढं चालायचंच,” असे ऐकावे लागले. बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा जपून ठेवला होता आणि सामान मिळण्याच्या दालनाबाहेर पडण्याआधीच लेखी तक्रारीचा आग्रह धरला, म्हणून निदान नोंद तरी झाली. कंपनीचे उत्तर अद्याप आलेले नाही. चाक राजवाड्याजवळच्या कारागिराकडून बसवून घेतले आहे.