गव्हाची संवेदनशीलता: घरचा प्रयोग की आंधळी चाचणी?

सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) नाही, गव्हाची अॅलर्जी नाही, तरी गहू खाल्ला की पोट फुगतं. याचं निदान करणारी रक्तचाचणी आजही नाही. उरतात दोन वाटा.

पहिली सोपी: काही आठवडे गहू बंद करायचा, मग पुन्हा सुरू करून बघायचं. खर्च नाही, दवाखाना नाही. पण आपण काय खातोय हे माहीत असतं, आणि त्रास होणारच या भीतीनेही पोट बिघडतं. शिवाय गहू सोडला की ग्लूटेनसोबत फ्रुक्टान हे गव्हातलं कर्बोदकही जातं. मग बरं नेमकं कशामुळे वाटलं? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात 59 जणांना ग्लूटेन, फ्रुक्टान आणि नुसतं प्लासिबो (यांपैकी काहीच नसलेला, तसाच भासणारा पदार्थ) आळीपाळीने दिलं. जास्त त्रास फ्रुक्टानने झाला, ग्लूटेनने नाही. गंमत म्हणजे हे सगळे आधीपासून स्वतःहून ग्लूटेन टाळत होते!

दुसरी वाट सालेर्नो निकषांची, म्हणजे या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या पद्धतीची, 2015 ची. सहा आठवडे ग्लूटेनमुक्त आहार, मग एक आठवडा ग्लूटेन किंवा प्लासिबो, एक आठवडा विश्रांती, नंतर अदलाबदल. कधी काय दिलं हे रुग्णालाही ठाऊक नसतं, डॉक्टरलाही नसतं. ग्लूटेन आणि प्लासिबो घेतानाच्या लक्षणांत किमान 30 टक्के फरक हवा. उत्तर जास्त भरवशाचं, पण संशोधनाबाहेर ही चाचणी करून देणारं कोणी क्वचितच भेटतं.

म्हणून मी बहुतेकांना पहिलीच वाट सुचवेन, लक्षणांची रोजची नोंद ठेवून. फक्त सिलिअॅकची तपासणी गहू सोडण्याआधी करून घ्या. नंतर केली तर आजार असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.