लग्नासाठी शाळा बुडवायची का? तीन दिवस, एक दिवस की मूल घरीच

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका यायला लागतात, आणि हल्ली त्यातल्या बऱ्याचशा मधल्याच वाराच्या असतात. शनिवार-रविवारचे हॉल कधीच गेलेले, पौषात जुनी माणसं लग्न धरत नाहीत, मग मुहूर्त निघतो गुरुवारचा. पूर्वी मे महिन्यात लग्नं उरकायची, त्यामुळे हा प्रश्नच यायचा नाही.

आमच्याकडे मुलांच्या मामाचं लग्न सांगलीला होतं. आम्ही कल्याणला. बुधवारी हळद, गुरुवारी लग्न, शुक्रवारी सत्यनारायण. मुलगी तिसरीत, मुलगा नववीत. समोर तीन वाटा होत्या आणि घरात प्रत्येकाची वाट वेगळी.

पहिली वाट: मंगळवारी शाळा करून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं आणि रविवारी परत यायचं. तीन दिवस बुडतात. ऐकायला जास्त वाटतं. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी आणि सहावी ते आठवीला २२०. त्यातले तीन म्हणजे जेमतेम दीड टक्का. दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट असते, तीही एवढ्याने हलत नाही. खरा हिशेब किती दिवस बुडले याचा नसून कोणते बुडले याचा आहे. परिसर अभ्यासाचा धडा आजीसुद्धा वाचून दाखवेल. पण त्याच आठवड्यात भागाकार किंवा अपूर्णांक सुरू झाले, तर पुढचा महिनाभर मूल अंदाजाने गणितं सोडवतं. म्हणून मी वर्गशिक्षिकेला एवढंच विचारलं होतं, ‘गणितात नवीन काय सुरू होणार आहे?’ वह्यांचे फोटो काय, व्हॉट्सॲपवर मिळतातच.

दुसरी वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. फक्त लग्नाचा दिवस. बुधवारी शाळा करून रात्री गाडी, सकाळी सांगली, हॉलवरच आंघोळ, अक्षता, जेवण, रात्री परत तीच गाडी, शुक्रवारी पहाटे कल्याण आणि लगेच सकाळची शाळा. कागदावर एकच दिवस गेला. प्रत्यक्षात दोन रात्री गाडीत गेल्या आणि शुक्रवारी पोर बाकावर डोकं टेकून झोपलं. सासरकडच्या एका लग्नाला मी ही वाट आधी करून पाहिली आहे, म्हणून सांगते: तिन्हींत हीच सर्वात वाईट. लग्नाचा दिवस मोठ्यांचा असतो. मुलांच्या वाट्याला टोचणारा जरीचा झगा, मंगलाष्टकं संपेपर्यंत उभं राहणं, फोटोसाठी हाका आणि उशिरा मिळालेलं जेवण एवढंच येतं. मजा असते ती आदल्या दिवशी. हळदीला एकमेकांना पिवळं करायचं, रात्री गच्चीवर सगळ्या भावंडांनी एका ओळीत झोपायचं. एकच दिवस द्यायचा असेल तर मी हळदीचा देईन, पण हे माहेरी बोलायची सोय नाही.

यात एक अपवाद. मुलाला लग्नात काम असेल तर एक दिवसही भरून पावतो. आमची मुलगी करवली होती. हातात करा सांभाळत ती तासभर जागची हलली नाही. नवरीच्या धाकट्या भावाला तर कानपिळीसाठी नेलंच पाहिजे. तो नवऱ्याचा कान पिळतो, मानाचं घेतो आणि वर्षभर सांगत फिरतो.

तिसरी वाट म्हणजे मुलाला घरी ठेवणं. मुलाचे बाबा नववीतल्यासाठी यावरच अडून बसले होते. पण ठेवायचं कोणाकडे? आजी-आजोबा, काकू, आत्या, सगळेच लग्नाला निघालेले. शेजारी दोन वेळचं जेवण देतील, पण रात्री पोर एकटंच मोबाइल घेऊन बसणार. आम्ही वेळापत्रक पाहिलं, घटक चाचणी पुढच्या आठवड्यात होती, त्यालाही नेला. चाचणीत गुण जरा कमी पडले. ते लग्नामुळे की मुळातच, यावर घरात अजून एकमत नाही.

दहावीला मात्र मी वेगळं वागले असते. लेखी ८० गुणांचं, पण उरलेले २० तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि ती कामं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. मार्गशीर्षातलं लग्न दहावीचं मूलही करू शकतं. माघातलं असेल तर नाही, अगदी सख्ख्या मामाचं असलं तरी.

नात्यातली एक मुलगी इंग्लंडला असते. तिथे असल्या कारणासाठी रजा द्यायची की नाही हे मुख्याध्यापक ठरवतात, तेही अपवाद म्हणूनच. परवानगीशिवाय दहा आठवड्यांत मिळून पाच दिवस बुडले तर दर मुलामागे आईला वेगळा आणि वडिलांना वेगळा दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून तो ८० पौंड आहे, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. त्यामुळे ती नेहमी म्हणते, लग्न नाताळच्या सुट्टीत ठेवा. आणि आजी पौष आडवा घालते.

राहिला अर्ज. जे असेल तेच लिहा. मोठा तिसरीत असताना मी एका लग्नानंतर ‘ताप आल्यामुळे’ असं लिहून दिलं होतं. हातावर मेंदी घेऊन तो वर्गात गेला. बाईंनी अर्ज वाचला, हात पाहिले आणि विचारलं, ‘तापात जेवायला काय होतं रे?’ त्याने जिलेबी-मठ्ठ्यापासून सगळं सांगितलं.