हॅम रेडिओसाठी १०० वॉटचा घडीचा सोलर संच: आपल्याकडच्या पावसात कितपत पुरतो?

हॅमसाठी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांसाठी, म्हणून विकला जाणारा संच बहुतेक एकाच धाटणीचा असतो. १०० वॉटचं चार घड्यांचं पॅनल, १० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) चार्ज कंट्रोलर आणि १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. जानेवारीत बेळगावजवळच्या राजहंसगडावर नेऊन दिवसभर बोलायला हा संच उत्तम. पण बेळगाव जिल्ह्यात रेडिओची खरी निकड भासते ती तरण्या-म्हाताऱ्या पावसात. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं होतं. तशा आठवड्यात ऊन नसतंच, म्हणून हा संच त्याच कसोटीवर पाहायला हवा.

आधी हिशेब. १०० वॉटचा एचएफ (लघुलहरींचा, लांब पल्ल्याचा) रेडिओ नुसता ऐकताना सुमारे १ अँपिअर घेतो, बोलताना आवाजाच्या शिखरावर २० पर्यंत जातो. एसएसबीवर (एचएफवर आवाजाने बोलण्याची नेहमीची पद्धत) बोलतानाची सरासरी ८ धरा. तासातली १२ मिनिटं बोलणं आणि ४८ मिनिटं ऐकणं म्हटलं, तर तासाला साधारण २.४ अँपिअर-तास जातात. म्हणजे २० ची बॅटरी आठ तासांत रिकामी. गच्च ढगाखाली पॅनल आपल्या ताकदीच्या १० ते २० टक्केच देतं, म्हणजे अर्धा ते एक अँपिअर. दिवसभरात ५ ते १० अँपिअर-तास, त्यात दोन ते चार तासांचं काम. त्यामुळे पैसे आधी बॅटरीत घाला. ४० ते ५० अँपिअर-तासांची घ्या, मग दुसरं पॅनल समांतर जोडा. मात्र दुसरं पॅनल घेणार असाल तर कंट्रोलर २० अँपिअरचाच हवा.

पॅनल स्वतः चांगलं आहे. काचेच्या पॅनलपेक्षा हलकं, दुचाकीवर मावणारं. खटकतो तो त्याचा स्टँड. तो पॅनल बराच उभा धरतो, आणि पावसाळ्यात ते चुकीचं. बेळगाव १६ अक्षांशाच्या जवळ असल्याने मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेकडे कललेलं पॅनल या दिवसांत तोट्यात जातं. शिवाय ढगाळ उजेड सगळ्या आभाळातून येतो. पॅनल जवळजवळ आडवं ठेवा, पाणी ओघळण्यापुरता उतार पुरे. माडाच्या एका झावळीची सावलीही उत्पादन निम्म्याखाली आणू शकते, कारण आतले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात.

कंट्रोलर हा या संचाचा सर्वांत कच्चा दुवा. स्वस्त एमपीपीटी ७ मेगाहर्ट्झवर खरखर सोडतो, आणि पॅनलच्या पिशवीतली यूएसबीची डबी त्यात भर घालते. ७.११० मेगाहर्ट्झवर रेडिओ लावून पॅनलची वायर काढा. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) खाली आला, तर दोषी सापडला. ३१ मिक्सच्या (हा फेराइटचा प्रकार) २४० आकाराच्या फेराइट कड्यावर धन-ऋण दोन्ही वायरी एकत्र धरून १० ते १२ वेढे घ्या. एक कडं पॅनलच्या बाजूला, दुसरं बॅटरीच्या बाजूला, दोन्ही कंट्रोलरला चिकटून. क्षीण स्टेशन ऐकायचं असेल तर पॅनलच्या वायरीत एक साधा स्विच ठेवा आणि तेवढा वेळ तो बंद करा. हा उपाय सर्वांत खात्रीचा.

जोडणीत हमखास होणाऱ्या चुका तीन. पॅनल आधी जोडलं की काही कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज चुकीचं ओळखतात. म्हणून आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट. दुसरी, रेडिओ कंट्रोलरच्या ‘लोड’ टर्मिनलवर जोडणं. तिथे १० अँपिअरची मर्यादा असते, बोलायला लागताच तो बंद पडतो. रेडिओ थेट बॅटरीवर घ्या, धन टर्मिनलजवळ ३० अँपिअरचा फ्यूज घालून. तिसरी, कंट्रोलर लेड-ॲसिडच्या सेटिंगवर राहणं. तो १४.६ च्या वर चढवायला गेला की बॅटरीतलं बीएमएस (तिचं रक्षण करणारं सर्किट) तिला अचानक तोडतं आणि चढं व्होल्टेज रेडिओकडे जाऊ शकतं.

संचासोबतची वायर बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची असते. दोन मीटर लांबीत २० अँपिअरला जाऊन-येऊन ०.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बॅटरी १२ वर आली की रेडिओला ११.४ मिळतात, आणि १३.८ व्होल्टचे बरेचसे रेडिओ ११.७ च्या खाली नीट चालत नाहीत. आवाज फाटतो किंवा रेडिओ बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली की घट पाव व्होल्टवर येते. लोक बॅटरीला दोष देतात तेव्हा बरेचदा खोट या वायरीत असते.

कोरड्या हंगामात गडावर जायचं असेल, तर संच आहे तसा घ्या. पुरासाठी घेत असाल, तर पॅनल तेवढं ठेवा, बॅटरी आणि कंट्रोलर वेगळे निवडा. आणि रोहिणी लागण्याआधी बॅटरी पूर्ण भरून रेडिओवर एकदा तळापर्यंत उपसून, किती तास टिकली ते तिच्यावरच मार्करने लिहून ठेवा.