आल्प ग्रुम स्टेशन, स्वित्झर्लंड: एक गाडी सोडून द्या

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क खाण्याच्या बिलामुळे कापला, पण तो काय सगळ्या देशातच कापावा लागेल.

पहिल्यांदा मी इथे ग्रुप टूरने आले होते, बर्निना एक्सप्रेसच्या काचेच्या डब्यातून. गाडी फोटोपुरती थांबली, अर्धे लोक टॉयलेटच्या लाइनीत, बाकीचे सेल्फीत, की झाली शिट्टी. यावेळी आईबाबांना घेऊन स्वतःच आले आणि साधी लाल लोकल पकडली. रूळ तेच, डोंगर तेच, रिझर्वेशनचे जादा पैसे नाहीत (एक्सप्रेसला पास असला तरी ते भरावेच लागतात) आणि खिडकी उघडते!! काचेच्या डब्यातले माझे सगळे फोटो ट्यूबलाइटच्या रिफ्लेक्शनसकट आलेत.

स्टेशन २०९१ मीटरवर, दगडी बिल्डिंग, तिथेच रेस्टॉरंट. गाडीरस्ता नाहीच, एकतर रेल्वेने या नाहीतर चालत. गाडी गेली की एकदम शांत होतं. समोर पालू हिमनदी, आता बरीच वर सरकलेली, खाली तिच्याच पाण्याचा तलाव आणि डावीकडे खोल पोस्कियाव्होचं खोरं, त्याच्यापुढे इटली. लाइन इथून उतरत उतरत तिरानोला जाते, ते इटलीत आणि फक्त ४२९ मीटरवर.

बाबा मध्य रेल्वेतून रिटायर, त्यांनी हिमनदीकडे दोन मिनिटं बघितलं आणि मग रूळच बघत बसले. दातेरी रूळ कुठेय म्हणे. नाहीचे, ही गाडी नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते, चढ हजाराला ७०, म्हणजे साधारण १४ ला १. कर्जतवरून घाट चढताना ३७ ला १ आहे तर मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावतात, त्यामुळे बाबांना ते पटेचना, मग स्वतःच म्हणाले, अगं पण ही मीटरगेज, डबे किती, आपल्याकडे वीस-बावीस डबे ओढायचे असतात. लाइन १९१० ला पूर्ण झाली आणि पहिल्यापासून विजेवर, हे कळल्यावर मात्र गप्प.

खायला पिझ्झोकेरी घेतली, याच भागातला प्रकार, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज, चीज, चीज. एक प्लेट दोघांना पुरते. आईने अर्थातच बॅगेतून लिंबाचं लोणचं काढलं, आणि खरं सांगू, जमलं ते.

जुलैतही जॅकेट ठेवा, ढग आला की दात वाजतात. आणि पुढच्या लोकलची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा, दिवसा साधारण तासाला एक असते.

आमची यायच्या आधी तिरानोकडून एक वर चढत आली, खालच्या वळणावर दिसली तेव्हापासून बाबा उभे. शेवटचा डबा समोरून गेला तेव्हा आईला म्हणाले, बघ, मागं काही नाही.