एटीव्हीचा टायर रिम सोडेना: जॅक, क्लॅम्प, बीड ब्रेकर की पंक्चरवाला?

आमच्याकडे दोन एटीव्ही आहेत, म्हणजे वाळू-चिखलात चालणाऱ्या, जाड चाकांच्या उघड्या गाड्या. उतरायला आलेले पाहुणे वाडीतून खाली पुळणीपर्यंत फिरवतात. चार पावसाळ्यांत मागचे टायर गुळगुळीत झाले, म्हणून नवे मागवले. नवे टायर मिळवणं हाच सोपा भाग होता, हे नंतर कळलं. जुन्या टायरवर मी उभा राहिलो, उड्या मारल्या, पुतण्यालाही चढवलं, तरी रिमला चिकटलेली कड सुताएवढीही हलली नाही. त्यानंतर जे जे करून पाहिलं, त्यातलं काय कोणाला परवडेल ते इथे मांडतो आहे.

आधी, हे टायर एवढे हट्टी का? मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास हवा असते आणि तीच टायरची कड रिमला दाबून धरते. एटीव्हीत हवा असते जेमतेम ३ ते ७ पीएसआय. एवढ्याशा हवेच्या भरवशावर कड जागेवर राहणार नाही, म्हणून रिमवर कडेच्या आत एक उंचवटा असतो आणि टायरही मुळातच घट्ट बसवलेला असतो. त्यात किनाऱ्याची खारी हवा. लोखंडी रिम गंजून फुगतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि रिम आणि टायर जणू सिमेंट लावल्यासारखे जुळतात. आत पंक्चररोधक द्रव ओतला असेल तर तोही वाळून डिंकासारखा बसलेला असतो.

दुसरी अडचण टायरच्या अंगाची. एटीव्हीचा टायर रुंद आणि बाजूने मऊ. तुम्ही वरून कितीही जोर लावा, तो बाजूच्या रबरातच जिरतो, कडेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कुठलीही पद्धत निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: जोर रिमला लागून, अगदी बोटभर अंतरावर लागतो की नाही?

कामाला हात घालण्यापूर्वी ठरवा की टायरही वाचवायचा आहे की फक्त रिम. टायर भंगारातच जाणार असेल तर अर्धी लढाई जिंकली. बाजूचं रबर आरी ब्लेडने किंवा धारदार सुरीने कापून टाका. उरते ती कडेतली पोलादी तार. ती बोल्ट कटरने तोडली की कड सैल पडते. ग्राइंडर चालवायचा मोह होतो, पण तो रिमपासून लांबच ठेवा. रिमवर एक चीर पडली की नवा टायर तिथून हवा सोडत राहतो.

टायर वाचवायचा असेल तर आदल्या रात्री व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, दोन्ही बाजूंच्या कडेला घट्ट साबणाचं पाणी ओता आणि चाक आडवं ठेवून द्या. डिझेल, ऑइल, ग्रीस नको. त्याने रबर फुगतं आणि पुढे कड रिमवर घसरते. गंज फारच असेल तर गंज सोडवणारा स्प्रे फक्त रिमच्या कडेवर मारा आणि नंतर पुसून घ्या. गरम करून सोडवायचा सल्लाही कोणीतरी देईलच. टायर चढलेल्या रिमला ज्योत लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे, त्यावर चर्चाच नको.

घण आणि पाचर

सगळ्यांच्या घरी असतं म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. मीही केली. लाकडी पाचर कडेला लावून घण घातला, तर रबर उसळलं, पाचर उडाली आणि दुसरा घाव रिमच्या ओठावर बसला. ट्रकच्या जाड रिमला असा घाव खपतो, एटीव्हीचा पत्रा पातळ असतो. आणि ५ पीएसआयवर चालणाऱ्या चाकात १ पीएसआय गळणं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. माझा तो रिम अजून दर आठवड्याला हवा मागतो. टायर नवा आणि रिम न गंजलेला असेल तर रबरी हातोड्याने काम भागेल. अडकलेल्यासाठी ही पद्धत मी शेवटी ठेवेन. टायरवरून गाडी चढवण्याचा प्रकार तर ठेवणारच नाही. चाक कुठे दबेल ते आपल्या हातात राहत नाही आणि वाकलेला रिम पुन्हा गोल होत नाही.

गाडीखालचा जॅक

चाक आडवं ठेवायचं, रिमला लागून लाकडाचा जाड ठोकळा, त्यावर जॅक आणि जॅकचं डोकं गाडीच्या चासीखाली. जॅक वर जायला बघतो, गाडी त्याला दाबते आणि कड खाली जाते. पैसे शून्य, जोर भरपूर.

पण एक हिशेब लोक विसरतात. जॅकवर '२ टन' लिहिलेलं असलं तरी मिळतो तेवढाच जोर, जेवढं वजन वर आहे. आल्टोसारखी गाडी रिकामी ७०० ते ७५० किलोची, म्हणजे पुढच्या एका कोपऱ्याखाली फार तर २०० ते २५० किलो. हट्टी कडेला ते पुरत नाही, गाडीच उचलली जाते. शेजाऱ्याचा चिरे भरलेला टेम्पो उभा होता, त्याच्याखाली दुसऱ्याच मिनिटाला 'फट्ट' आवाज आला. ट्रॅक्टर असला तर मागचे हायड्रॉलिक हात वापरू असं वाटतं, पण बहुतेक ट्रॅक्टरचे हात उचलायला ताकद लावतात, खाली फक्त वजनाने येतात. नांगर जोडलेला असेल तर त्या वजनाइतकाच दाब मिळेल.

जॅक घसरला तर तो गोळीसारखा सुटतो. चाकाच्या समोर नाही, बाजूला बसा. गाडीच्या बाकी चाकांना दगड लावा आणि हात आत घालू नका.

सी-क्लॅम्प

इंग्रजी C च्या आकाराच्या, स्क्रूने आवळायच्या या शिकंज्याने दोन्ही बाजूंची कड एकमेकींकडे दाबायची, इतकीच युक्ती. काम शांत, एकट्याने होणारं आणि रिमला इजा जवळपास नाही. माझ्या मते एकदाच टायर बदलायचा असेल तर हेच करा, फक्त क्लॅम्प पोहोचतो का ते आधी मोजा.

टायरवरच आकडा असतो. २५×१०-१२ म्हणजे उंची २५ इंच, रुंदी १० इंच, रिम १२ इंच. २५ मधून १२ वजा करून निम्मे केले की साडेसहा इंच. एवढी खोली क्लॅम्पच्या आतल्या कमानीत हवी, आणि जबडा १० इंचांहून जास्त उघडायला हवा. दुकानातले साधे क्लॅम्प उघडतात पुरेसे, पण खोलीला निम्म्यावरच संपतात. मग जबडा कडेपर्यंत न पोहोचता नुसतं रबर चेपत बसतो. लहान मुलांच्या एटीव्हीत १९×७-८ टायर असला तरी साडेपाच इंच लागतातच. मी शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चॅनेलचा खोल क्लॅम्प करून घेतला, स्क्रू भंगारातल्या जॅकचा. दोन क्लॅम्प समोरासमोर लावले, आळीपाळीने आवळले आणि मध्ये साबणपाणी सोडत राहिलो, तर अर्ध्या तासात कड गेली. एका जागी सुटली की बाकीची गोलाई पटापट येते.

बीड ब्रेकर

बीड म्हणजे टायरची कड, आणि ती रिमपासून सोडवायचं हे खास अवजार. याचे दोन प्रकार. लांब दांड्याचा, जमिनीला बोल्टने बसवायचा. तो मोटारीच्या टायरला बरा, पण एटीव्हीच्या मऊ अंगावर त्याचा पंजा रबरातच रुततो. दुसरा रिमची कड पकडून, रिम आणि टायरच्या मध्ये बोल्टने पाचर रेटणारा. या सगळ्यांत तांत्रिकदृष्ट्या हाच सरस, कारण जोर नेमका कडेवर लागतो आणि वर गाडी, खाली ठोकळा असं काहीच लागत नाही. आडकाठी किमतीची. एक एटीव्ही असलेल्याने घेऊ नये. चार-पाच गाड्या भाड्याने चालवणाऱ्याने मात्र घासाघीस न करता घ्यावा.

पंक्चरवाला

लाज वाटून घेऊ नका, बऱ्याचदा हाच शहाणपणाचा मार्ग. पण कोणता पंक्चरवाला? मोटारींच्या टायर चेंजरच्या मेजावर ८ इंचांचा रिम बहुधा पकडलाच जात नाही. स्कूटरचे ट्यूबलेस टायर मशीनवर काढणारा शोधा: ॲक्टिव्हाच्या मागच्या चाकाचा रिम १० इंचांचा असतो, त्यामुळे लहान रिम त्याच्या हातातले असतात. रुंदी बघून तो बिचकेल, तेव्हा 'फक्त दोन्ही कडा सोडवून द्या' एवढंच सांगा. बाकीचं घरी होतं. हायवेवर ट्रकचे टायर घणाने काढणारे हात पक्के असतात, पण पातळ रिम मी त्यांच्याकडे देणार नाही.

कडा सुटल्यावर रिमच्या आतली खोल खाच कोणत्या बाजूला जवळ आहे ते बघा. टायर त्याच बाजूने निघतो, उलट्या बाजूने रात्रभर झटलात तरी नाही. लिव्हरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवा, म्हणजे रिमला ओरखडे पडत नाहीत.

नवा टायर चढवण्याआधी रिमची बैठक वायर ब्रशने घासून, गंज काढून रंगवून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला हा सगळा खटाटोप निम्म्यावर येतो. टायर बसवताना कड हवा धरत नसेल तर टायरभोवती मधोमध सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा आवळा, म्हणजे कडा बाहेर फाकतात आणि कॉम्प्रेसरची हवा आत राहते. कड बसवताना किती हवा चालेल तो आकडा टायरच्या अंगावर छापलेला असतो. त्याच्या पलीकडे काटा जाऊ देऊ नका.